गोळी आज घेतली, मग गुण यायला महिना का?

पत्र: "मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो. माझा मोठा भाऊ 38 वर्षांचा हाय. सहा एकर वावर, पऱ्हाटी अन् सोयाबीन. तीन महिन्यांपासून झोप नाई, जेवण तुटलं, वावरात जाणं सोडलं. एक दिवस 'जगून काय करू' म्हणाला, म्हणून यवतमाळले नेलं. डॉक्टरनं सकाळी एस्सिटालोप्रॅम 10 अन् रात्री क्लोनाझेपाम 0.5 देली. आज बारावा दिवस हाय. झोप लागते, पण मन तसंच. उलट मळमळ होते, हात थरथरतात. गावात म्हणतात ह्या नशेच्या गोया हायेत, एकदा लागल्या की सुटत नाई. वहिनी म्हणते दोन-दोन द्या, लवकर फरक पडंल. आईनं वैदूकडून सर्पगंधाचं चूर्ण आणून ठेवलं. मी बारावी सायन्स केलं, पण एवढीशी गोई डोक्यात जाऊन करते काय, हेच समजत नाई. बंद करू, वाढवू, का चूर्ण देऊ?"

नमस्कार.

बंद करू नका, वाढवू नका, आणि चूर्ण तर मुळीच देऊ नका. तिन्हींची कारणं एकाच जागी सापडतात: मेंदूतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीत. तिथवर जाऊच, पण त्याआधी आज दिवस मावळायच्या आत एक काम करा.

भाऊ 'जगून काय करू' म्हणाले आहेत. घरात, गोठ्यात, वावरातल्या खोपडीत फवारणीच्या औषधाचे जेवढे डबे असतील तेवढे गोळा करून दुसऱ्या कुणाच्या घरी कुलपात ठेवायला द्या. घरातल्या घरात लपवून भागत नाही. गोळ्यांची पाकिटं वहिनींनी स्वतःजवळ ठेवावीत आणि रोजची गोळी रोज हातावर द्यावी. भाऊंना सरळ विचारा, 'मरणाचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाचं ओझं थोडं उतरतं. 'हो' म्हणाले तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-बेरात्री 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे आजच का, तर नैराश्याच्या या उपचारात अंगातली मरगळ कधी कधी आधी उतरते आणि मनातली निराशा मागून जाते. मधले दोन-तीन आठवडे माणसाच्या हातापायांत बळ असतं, पण जगावंसं अजून वाटत नसतं. त्या काळात घरच्यांची नजर हवी.

आता तुमचा सायन्सचा प्रश्न.

मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात पळतो. स्वस्थ बसलेल्या पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण उणे 70 मिलिव्होल्ट असते. सोडियमचे कण आत घुसले की हा आकडा क्षणभर उलटा होतो आणि ही उलथापालथ पेशीच्या लांब शेपटीवरून, म्हणजे चेताक्षावरून, टोकापर्यंत जाते. बारावीच्या पुस्तकात इथपर्यंत बहुतेकांचं लक्ष असतं. खरी गंमत टोकाला आहे. टोकाशी वीज थांबते, कारण बहुतेक ठिकाणी पुढची पेशी तिला चिकटलेली नसते. मध्ये सुमारे 20 नॅनोमीटरची फट असते. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

टोकात 40 नॅनोमीटरच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. एकेका पिशवीत रसायनाचे काही हजार रेणू. वीज टोकाला पोचली की कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं, काही पिशव्या पेशीच्या पडद्याला मिळून फुटतात आणि रसायन फटीत सांडतं. पलीकडच्या पेशीवर त्या रसायनापुरते बनलेले रिसेप्टर बसलेले असतात. रेणू तिथे बसला की ती पेशी एक तर चेतते, नाही तर शांत होते. सांडण्यापासून बसण्यापर्यंतचा हा सगळा खेळ मिलिसेकंदाच्या आसपास आटोपतो. पेशी पेशीशी बोलते ती अशी. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनॅलिन, असेटिलकोलिन, गाबा, ग्लुटामेट ही त्यातली मुख्य नावं.

फटीतून ठिणगी जाते की रसायन, यावर शास्त्रज्ञ बरीच वर्षं भांडले. 1921 मध्ये ऑस्ट्रियात ऑटो लोवी यांनी बेडकाचं धडधडतं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि त्याची व्हेगस नस उत्तेजित केली. ठोके मंदावले. मग तेच पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, ज्याच्या नसेला कुणी हातही लावला नव्हता. त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे नसेतून पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते असेटिलकोलिन होतं. लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 चं नोबेल मिळालं. मेंदूवरच्या आजच्या जवळपास सगळ्या गोळ्या या रासायनिक निरोपातच कुठे ना कुठे हात घालतात.

निरोप पोचला की फट लगेच साफ व्हावी लागते, नाही तर पलीकडची पेशी भडकतच राहते. फट साफ झाली नाही तर काय होतं, हे तुमच्या जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विष अंगात भिनून शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात भरती झाले, त्यातले अनेक दगावले. त्या हंगामातली सगळी औषधं एका गटातली नव्हती. पण प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं या फटीत काम करतात. असेटिलकोलिनचे तुकडे करून फट साफ ठेवणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच ती जखडून टाकतात. रसायन साचतं. मग तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला घाम, ढाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास अडतो. किडीवरही हे विष असंच चालतं. दवाखान्यात अॅट्रोपिन देतात, ते पलीकडच्या रिसेप्टरवर आधीच जागा अडवून बसतं. प्रॅलिडॉक्सिम देतात, ते जखडलेलं एन्झाइम सोडवतं. पिशव्या भरणं, रसायन सांडणं, रिसेप्टरवर बसणं, फट साफ होणं: औषध असो की विष, ते यातल्या एका पायरीवर चालतं.

सेरोटोनिनची फट साफ व्हायची तऱ्हा निराळी. तिथे ज्या पेशीने ते सांडलं तीच पेशी पंपासारख्या एका प्रथिनातून ते परत ओढून घेते. भाऊंची सकाळची गोळी, एस्सिटालोप्रॅम, हा पंप अडवते. त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकतं. आणि हे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतं.

मग बारा दिवसांत फरक का नाही? सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींवर स्वतःचंच सेरोटोनिन मोजणारे रिसेप्टर असतात. टाकीतल्या फ्लोटसारखे. पातळी वाढलेली दिसली की ते पेशीला 'आता पुरे' असा इशारा देतात आणि पेशी उलट कमी सेरोटोनिन सोडू लागते. म्हणजे एका बाजूने गोळी पातळी वाढवते आणि दुसऱ्या बाजूने पेशी हात आखडते. दोन-तीन आठवडे पातळी सतत वर राहिली की हे मोजणारे रिसेप्टर बोथट होतात, पेशी पुन्हा मोकळेपणाने काम करू लागते. त्याच्या मागोमाग पलीकडच्या पेशींत जनुकं चालू-बंद होतात, पेशींना पोसणारी प्रथिनं वाढतात, नवे जोड बसतात. मनाला जाणवणारा फरक या शेवटच्या, सावकाश चालणाऱ्या कामातून येतो असं आज मानलं जातं. म्हणून डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. बाराव्या दिवशी सोडली तर त्रास सगळा सोसून झाला आणि गुण यायच्या आधीच उठलो, असं होईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'डोक्यातलं सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं' हे वाक्य दवाखान्यापासून मोबाईलपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते फार सोपं करून सांगितलेलं आहे. रक्त तपासून कुणाचं सेरोटोनिन किती कमी आहे हे कळत नाही, आणि नैराश्य ही एकाच रसायनाची टंचाई आहे असं सिद्ध झालेलं नाही. गोळीचा उपयोग होतो हे मात्र चाचण्यांतून दिसलं आहे. गोळी सेरोटोनिनवर काम करते, एवढ्यावरून आजाराचं मूळ सेरोटोनिनच असं ठरत नाही. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून ताप क्रोसिन कमी पडल्याने आला असं आपण म्हणत नाही. कर्ज, पडलेला भाव, नापिकी हे गोळीने मिटणार नाही. पण झोप, भूक आणि विचार करायची ताकद परत आली तर त्यांच्याशी भिडता येतं.

मळमळीचंही कारण तिथलंच आहे. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि गोळी काही फक्त डोक्यात जात नाही. पोटातल्या पेशींनाही तोच धक्का बसतो. बहुतेकांची मळमळ दोन-तीन आठवड्यांत ओसरते. उपाशीपोटी घेत असतील तर सकाळच्या भाकरीनंतर द्या. थरथर बारीक असेल तर थांबून पाहा, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा. दिवसभरात चहा किती होतो, तेही बघा.

वहिनींच्या 'दोन-दोन द्या'चं उत्तर: नेहमीच्या डोसला या गटातल्या गोळ्या साधारण 80 टक्के पंप आधीच अडवून बसलेल्या असतात. डोस दुप्पट केला तर अडवायला उरलेले पंप थोडे आणि वाढणारा त्रास बराच. शिवाय रिसेप्टर बोथट व्हायचे आठवडे त्याने कमी होत नाहीत. डोस वाढवायची वेळ येते, पण ती चार-सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी ठरवून. एखाद्या दिवशी सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.

आता 'नशेच्या गोया.' गावकरी पूर्ण चुकलेले नाहीत, फक्त त्यांनी दोन वेगळ्या गोळ्यांना एकच नाव दिलं आहे.

रात्रीची क्लोनाझेपाम गाबा नावाच्या रसायनाच्या रिसेप्टरवर बसते. गाबा हे मेंदूतलं मुख्य शांत करणारं रसायन. क्लोनाझेपाम असली की गाबाने उघडणारं क्लोराइडचं दार जास्त वेळा उघडतं आणि पेशी थंडावतात. इथे आठवडे लागत नाहीत, तासाभरात झोप येते. भाऊंची झोप सुधारली ती हिच्यामुळे. हिची सवय मात्र खरंच लागते. काही आठवडे रोज घेतली की रिसेप्टर निबर होतात, तेवढ्याच गोळीत झोप लागेनाशी होते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम तोडली तर घबराट, निद्रानाश, क्वचित झटकेही येतात. म्हणून डॉक्टर ही सहसा सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांपुरती देतात आणि पायरीपायरीने उतरवतात. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारा: 'रात्रीची गोळी कधी आणि कशी कमी करायची?' आणि मेडिकलमध्ये डोळे उघडे ठेवा. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली पाकिटं सर्रास मिळतात, नावापुढे बहुधा 'प्लस' किंवा 'फोर्ट' असं काही असतं. 'तेच आहे, घेऊन जा' म्हणून ती हातात पडली तर भाऊंना क्लोनाझेपाम दोनदा जाईल आणि नंतर एकटी सोडवता येणार नाही. पाकिटावर बारीक अक्षरात घटक आणि मिलिग्रॅम लिहिलेले असतात, ते वाचून घ्या.

क्लोनाझेपाम चालू असताना मोहाची असो की देशी, दारू पूर्ण बंद. दारूही गाबावरच काम करते. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो, आणि ही गोष्ट झोपेत घडते. भाऊ रोज पिणारे असतील तर ते डॉक्टरांना लपवू नका. रोजची दारू एकाएकी तोडल्यावरही झटके येतात, तेव्हा तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. रात्रीच्या गोळीची सुस्ती सकाळपर्यंत राहते. काही दिवस मोटारसायकल, कडबा कटर आणि फवारणी पंप भाऊंच्या हाती नको.

सकाळच्या गोळीचं तसं नाही. नशा म्हणजे काय ते बघायचं तर खर्रा बघा. तंबाखूतलं निकोटिन असेटिलकोलिनच्या एका प्रकारच्या रिसेप्टरवर बसतं आणि मेंदूच्या बक्षीस देणाऱ्या भागात झटकन डोपामिन सुटतं. ते उतरलं की पुन्हा हवं, दिवसागणिक पुड्या वाढत्या. एस्सिटालोप्रॅमने असा झटका बसत नाही, तलफ येत नाही, गोळी वाढवत न्यावी असं वाटत नाही. पण महिनोन्‌महिने घेतलेली एकदम तोडली तर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो. पेशी वाढलेल्या पातळीला सरावलेल्या असतात, त्यांना पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून तीही हळूहळू उतरवतात. गोळ्या संपायच्या दिवशी यवतमाळची एसटी धरू नका, आठवडाभर आधी जा.

सर्पगंधा. ही मुळी थोतांड नाही, ती फारच जोरकस आहे, अडचण तीच आहे. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि वेडावर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते पुढे जगभर वापरलं गेलं. रेसर्पिन करतं काय, तर रसायन पिशव्यांत भरणारा पंपच बंद पाडतं. न भरलेलं सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनॅलिन पेशीतच कुजून जातं आणि पिशव्या रित्या होतात. इकडे सकाळची गोळी फटीतलं सेरोटोनिन टिकवायला बघते आणि तिकडे चूर्ण पिशवीच रिकामी करतं. रेसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना नैराश्य आल्याची नोंद 1950 च्या दशकातच झाली. नंतर त्यावर वाद झाले, पण ज्याला आधीच नैराश्य आहे त्याला हे देऊ नये हा नियम कायम राहिला. वर रक्तदाब पडून चक्कर येते ती वेगळीच. आईंना वाईट वाटू देऊ नका. झोप आणि रक्तदाबासाठी ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे, ती या आजारात चालत नाही एवढंच सांगा.

खेड्यात घडणारी आणखी एक चूक इथे सांगून ठेवतो. कंबर धरली, गुडघा दुखला की दवाखान्यात 'एक सुई मारून द्या' म्हणायची रीत आहे. भाऊंना गोळी चालू आहे हे तिथे न चुकता सांगा. ट्रामाडोल नावाचं दुखण्याचं औषध स्वतःही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही मिळून सेरोटोनिन जास्त झालं तर घबराट, घाम, ताप, ढाळ, हातपाय जोरात थरथरणं आणि ताठरणं असा प्रकार होतो, झटकेही येऊ शकतात. असं दिसलं तर 108 बोलवा आणि गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, कारण रक्त गोठवणाऱ्या कणिकांनाही सेरोटोनिन लागतं आणि ते त्या याच पंपाने उचलतात. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं.

पुरुष तोंडाने सांगत नाहीत असं एक राहिलं. या गोळीने संबंधांची इच्छा कमी होते, वीर्यपतनाला उशीर लागतो. बरेच जण कुणाला न सांगता गोळी सोडतात ती याच कारणाने. तुम्ही धाकटे, तुमच्याशी ते बोलणार नाहीत. डॉक्टरांजवळ त्यांना दोन मिनिटं एकटं बसू द्या. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हे दोन्ही मार्ग असतात.

दोन आठवड्यांच्या भेटीला जाताना वहीत रोजची एक ओळ लिहून न्या: किती वाजता झोपले, किती जेवले, वावराकडे फिरकले का, मळमळ होती की नव्हती. 'बरं नाई वाटत' एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. मध्येच भाऊ फार बोलू लागले, दोन-तीन तास झोपूनही ताजेतवाने दिसले, उधारीवर ट्रॅक्टर घ्यायच्या गोष्टी करू लागले, तर 'गुण आला' म्हणून खूश होऊ नका. काहींच्या मुळाशी द्विध्रुवी आजार असतो, म्हणजे मन कधी पार खचतं तर कधी अति चढतं, आणि ही गोळी त्यांना दुसऱ्या टोकाला ढकलते. तेव्हा भेटीची तारीख न बघता लगेच न्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासलं आहे का, तेही विचारा, कारण यांच्या बिघाडातही असाच गळाठा येतो.

पहिल्याच गोळीने पूर्ण आराम सगळ्यांना पडत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर साधारण तिघांपैकी एकच जण पूर्ण बरा झाला, बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडावं लागलं. बरं वाटायला लागल्यावरही गोळी सहसा सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. हे वहिनींना आजच सांगा, म्हणजे पोळ्यापर्यंत भाऊ वावरात दिसू लागले की 'आता कशाला गोया' हा प्रश्न घरात निघणार नाही.